नावं ठेवताना

वडिलांची गाडी घ्यायला
ओल्डनबुर्गहून एक पोरगा आलाय.
खाली वाकून टॉर्च मारतो, गंज शोधतो,
आणि सापडत नाही म्हणून जरा हिरमुसतोच.
"बोर्गवार्ड इझाबेला," तो म्हणतो, देवघरातल्या आवाजात.
"चोपन्नची?"
"सत्तावनची. आणि दार जपून लाव.
ते माझ्या वडिलांनी बसवलंय."

हे खरं असेल, नसेलही.
दारांच्या खात्यात कितीतरी जण होते,
पण हिनरिख वोल्टमान ब्रेमेनभर
दिसेल त्या इझाबेलाशी थांबायचे,
मालकाची परवानगी न घेता दार उघडून लावायचे,
कान देऊन ऐकायचे
आणि म्हणायचे, "आमचं."
मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दर नाताळात एक गोष्ट ठरलेली:
चाचणीची गाडी रस्त्यावर काढायची होती, नाव सुचत नव्हतं,
मालक म्हणे म्हणाले, ठेवा काहीही,
इझाबेला ठेवा हवं तर.
आई ताटं उचलता उचलता म्हणायची,
"माझं नाव ठेवताना माझ्या बापानेही एवढाच विचार केला."
तिचं नाव फ्राउके.
गाडीवर कोणी घातलं नसतं.

चव्वेचाळीसची गोष्ट
कुठल्याच नाताळात नव्हती.
तेव्हा ते सोळा वर्षांचे, शिकाऊ,
कारखाना तोच, बनत होतं ते लढाईचं.
शेवटच्या आजारात, एकदाच, भिंतीकडे तोंड करून बोलले:
शेजारच्या बाकावर युक्रेनहून पकडून आणलेली एक बाई होती,
छातीवर शिवलेली निळी पट्टी.
"स्क्रू मोजून द्यायची. कधी चुकली नाही.
मी नाव विचारलं नाही."
मग पाणी मागितलं.
मी दिलं. पुढचं विचारलं नाही.
आमच्या घरात ही रीतच आहे.

अराबेला आली तेव्हा मी सात वर्षांची.
तिच्यात पावसाचं पाणी शिरायचं,
आणि आमच्या शहरात पाऊस
पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा राहतो.
लोकांनी तिला अक्वाबेला म्हणायला सुरुवात केली.
शाळेत टाल्के ब्रून्यस मला विचारायची,
तुझे बाबा गाडीत मासे ठेवतात का गं?
वडील रात्री स्वयंपाकघरात
रबराच्या पट्टीचा तुकडा बोटांनी दाबत बसायचे.
दाबायचे, सोडायचे.
जणू पाणी कुठे मुरतंय ते
त्या चार इंचांत सापडणार होतं.

एकसष्टमध्ये ते सापडलं म्हणे, बँकेत.
का सिनेटमध्ये, का मालकाच्या हट्टात,
अजून वाद चालतो, बियरगणिक नवा.
नाव बुडालं.
धनकोंचे पैसे मात्र पुढे फिटले;
ते कात्रण वडिलांच्या पाकिटात घड्यांवर फाटेस्तोवर होतं.
"बघ," ते म्हणायचे, "बुडण्याइतकं काही नव्हतंच."
आई म्हणायची, "मग तू दोन वर्षं बंदरात पोती का मोजत होतास?"

नंतर त्याच आवारात
दुसऱ्या कोणाचा तीन टोकांचा तारा उगवला,
वडील त्याच फाटकातून आत गेले
आणि पेन्शन घेऊन बाहेर आले.
त्या कंपनीचं नाव त्यांनी घरात कधी घेतलं नाही.
"तिकडे," म्हणायचे.
तिकडे पगार चांगला होता.

पोरगा नोटा मोजतोय.
त्याच्या फोनवर कोणी लिहिलंय की
हे जर्मनीतलं सर्वांत प्रामाणिक नाव होतं.
तो मला वाचून दाखवतो, मला बरं वाटावं म्हणून.
मला बरं वाटतं.
आणि त्याच वेळी एक बाई
एकेक स्क्रू मोजत राहते, न चुकता.
हे त्याला कसं सांगायचं?
पावतीवर अशा गोष्टीला रकाना नसतो.

"आत पाणी येतं का हो?" तो विचारतो.
"ही इझाबेला आहे," मी म्हणते,
चक्क वडिलांच्या आवाजात,
नाक वर करून.

तो बसतो. दार ओढतो.
मी नको नको म्हणताना
माझा कान पुढे झालेला असतो.
पोरगा जरा जोरातच लावतो.

सांगितलं होतं त्याला, जपून.